आभाळ वेगळं करताना

उपकार मानणं मला जमत नाही. ऑफिसात माझ्याबद्दल म्हणत, याला चहा पाजा, हा आधी साखर कमी आहे म्हणेल आणि मग पिईल. एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. कालव्यांचे, तलावांचे नकाशे काढायचे, पुढे पुढे दुसऱ्यांनी काढलेले तपासायचे, आणि चूक दिसली की कागद परत पाठवायचा. कौतुक करण्याचा पगार सरकार देत नाही, असं मी म्हणत असे. अशा माणसाने हे लिहायला घेतलं आहे ते एका व्यक्तीचे उपकार मानायला, आणि ती व्यक्ती घरातलीच आहे, माझी सून. तोंडावर म्हणायला गेलो तर ती विचारेल, "काय होऊन राह्यलं मामाजी, तब्येत बरी हाय न?" आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. म्हणून लिहून ठेवतो.

निवृत्त होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. एका सकाळी दाढी करताना रेझर हातातून पडला, उचलायला गेलो तर बोटं ऐकेनात. डॉक्टर म्हणाले, लकव्याचा हलका झटका आहे, थोडक्यात निभावलं. पाय सुटला, जीभ सुटली, उजवा हात तेवढा अडकून बसला. लोक भेटायला येत आणि म्हणत, नशीबवान आहात, फक्त हातावर गेलं. मला त्या "फक्त"चा असा राग यायचा की त्यांना चहाही न देता वाटेला लावावं. मी जे काही कमावलं ते त्या हाताने. ट्रेसिंग कागदावर शाईने कालव्याची रेघ ओढायची तर मी श्वास धरून एका दमात तीन फूट जायचो, आणि सुरुवातीला रेघ जेवढी जाड तेवढीच शेवटीही असायची. नवीन लागलेले लोक मागे उभं राहून बघत. आता त्याच हातात वरणाची वाटी धरली की वरण सदऱ्यावर यायचं.

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एक रबरी चेंडू दाबायला दिला आणि घरी दाणे वेचायला सांगितले. चेंडू मी आठवड्याभरात अंगणात फेकला, तो शेजाऱ्यांच्या कुत्र्याने नेला. दाण्यांचं मात्र बायकोने मनावर घेतलं. रोज ताटात तूर आणि हरभरा मिसळून माझ्यापुढे ठेवी, मी तास-दीड तास बसून दोन ढीग करी. पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी वेगळी केलेली तूर आत गेली की परत हरभऱ्यात पडते, आणि दुसऱ्या दिवशी तेच ताट बाहेर येतं. मी ते ताट उधळलं.

"मले येडा समजली का तू? हे काय काम हाय?"

बायको केरसुणी घेऊन आली. तूर आणि हरभरा पुढे महिनाभर कपाटाखालून निघत होता, आणि प्रत्येक दाणा ती मला दाखवून उचलत होती. त्यानंतर मला कोणी काही करायला सांगितलं नाही. मी खुर्चीत बसायचो, हात मांडीवर ठेवायचो आणि त्याच्याकडे बघायचोही नाही.

वर्ध्यातल्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे सुनेचा फोटो स्टुडिओ. मुलगा सकाळच्या गाडीने नागपूरला नोकरीवर जातो तो संध्याकाळी येतो, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही तिघंच. सून हिंगणीची. कॉलेजात असल्यापासून लग्नात फोटो काढायला जायची. सोयरीक जुळवताना मीच नाक मुरडलं होतं, सुनेने कॅमेरा घेऊन लोकांच्या लग्नात फिरायचं का म्हणून. ती पोहे ठेवता ठेवता म्हणाली होती, "हो, फिरीन न." मला तेव्हा ती उद्धट वाटली. आपलाच गुण आपल्याला दुसऱ्यात आवडत नाही, एवढंच त्यात होतं.

तर ताट उधळल्यावर महिन्याभराने, एका दुपारी, ती माझ्या खुर्चीपाशी आली. एका हाडांच्या डॉक्टरांनी गावात नवा दवाखाना बांधायला घेतला होता. भिंतींवर लावायला त्यांना आपल्याच जिल्ह्यातली बारा मोठी दृश्यं हवी होती, जंगल, तलाव, शेतं, नदी. फोटो तिच्याजवळ होते, पण जवळपास सगळ्यांत आभाळ पांढरंफटक आलं होतं. माणसाच्या डोळ्याला जमीन आणि आभाळ एकदम नीट दिसतं, कॅमेऱ्याला तेवढं झेपत नाही. जमीन सांभाळली की आभाळ हातचं जातं. मग कॉम्प्युटरवर आभाळाचा भाग जमिनीपासून वेगळा निवडायचा आणि तेवढ्याचाच रंग खाली आणायचा.

"लगीनसराई हाय मामाजी, मले मान वर कराले वेळ नाई. बारा फोटोतलं आभाळ तेवढं वेगळं करून द्या न."

"मले कुठी येते कॉम्प्युटर?"

"रेघ मारता येते न? तेवढंच काम हाय."

रेघ हा शब्द तिने मुद्दाम वापरला होता का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. मी उठलो आणि स्टुडिओतल्या खुर्चीत जाऊन बसलो.

त्या सॉफ्टवेअरमध्ये निवड करायच्या बऱ्याच तऱ्हा आहेत. तिने मला पहिली शिकवली ती लासो. माउसचं बटण दाबून धरायचं आणि हव्या त्या भागाच्या कडेकडेने जाऊन जिथून निघालो तिथे परत यायचं, म्हणजे फास पूर्ण होतो. मग त्या भागाभोवती एक तुटक रेघ सरकत राहते. सून तिला मुंग्या म्हणायची. सांगायला सोपं आहे. पण बटणावरचं बोट मध्येच सुटलं की फास जिथे असेल तिथून सरळ आखडतो आणि अर्धी टेकडी कापून टाकतो. माझं बोट दर चार इंचांवर सुटायचं. पहिला फोटो सेलूकडच्या एका साध्या टेकडीचा होता, शाळेतल्या मुलानेही दोन मिनिटांत गिरवली असती अशी. मला त्या टेकडीला नऊ दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी माउस आपटला. सून आतून म्हणाली, "दुसरा आणून ठेवला हाय ड्रॉवरमधी." तेव्हा मला हसू आलं, आणि लकव्यानंतर मी पहिल्यांदा हसलो असं बायकोचं म्हणणं आहे.

त्याच यादीत दुसरा एक लासो होता, टिंब देत देत जायचं आणि सरळ रेघांनी जोडायचं. तो मला फार आवडला. बोट दाबून धरायची गरज नाही, शिवाय सरळ रेघ म्हणजे माझं माहेरच. पण सुनेने तो वापरू दिला नाही. "थो नका घेऊ, काम चांगलं नाई होत. हातानंच करा." मी समजलो की कामाच्या दर्जाचा प्रश्न आहे, आणि दर्जाच्या बाबतीत मी कधी वाद घातलेला नाही.

वडनेरचा फोटो आला तेव्हा मात्र मी माझ्या अकलेने चाललो. पुढे पऱ्हाटीचं वावर, कापूस फुटलेला, मागे दूर कडुनिंब, वर पांढरं आभाळ. यादीत एक जादूची कांडी होती. एका ठिकाणी टिचकी मारली की त्या रंगाचा सगळा भाग ती आपोआप धरते. म्हटलं, आभाळ तर एकाच रंगाचं आहे. मारली टिचकी, मुंग्या धावल्या, मी खूश. मग निळा रंग चढवला आणि चष्मा पुसून बघतो तर आभाळाबरोबर वावरातलं एकूण एक बोंड निळं झालं होतं. कांडीला बिचारीला काय कळणार, तिच्या लेखी पांढरं ते पांढरं. एकमेकाला लागून असलेलंच धर असं सांगायची एक खूण करावी लागते, ती मी केलीच नव्हती. बायको चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत उभीच राहिली.

"आवो, कोन्या गावी असा कापूस होते?"

"वडनेरले."

"मंग दोन क्विंटल आणा. लुगड्याले नीळ द्याचं काम नाई."

सुनेला फोनवर सांगितल्याशिवाय बायकोला दम निघेना. चार-आठ दिवस घरात जो येईल त्याला निळा कापूस दाखवला गेला. मीही दाखवला.

खरी अडचण पुढे आली. हात थोडा वळू लागला तसा मी माझ्या जुन्या सवयीवर गेलो. झाडाच्या कडेने अशी नेमकी, स्वच्छ रेघ फिरवली की ऑफिसात असतो तर स्वतःवरच खूश झालो असतो. आभाळाचा रंग बदलला आणि ते पळसाचं झाड कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसू लागलं. मला चूक सापडेना. रेघ तर बरोबर होती. सून आली, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "मामाजी, झाडाले काठ नसते."

मी म्हटलं, काठ नसलेली वस्तू मी जन्मात काढलेली नाही. नकाशात कालव्याला काठ असतो, रस्त्याला असतो, गावाला असतो. तिने मला एक आकडा दाखवला. तो भरला की निवडीचा काठ तेवढा मऊ होतो, म्हणजे आत आणि बाहेर यांच्यामध्ये थोडी अशी जागा तयार होते जी दोन्हीकडची असते. झाडाला दोन, दूरच्या टेकडीला पाच, धुळीच्या दिवसांत त्याहून जास्त. मी तो आकडा कमी-जास्त करत कितीतरी वेळ बसलो.

त्या दिवशी मला एक माणूस आठवला. नोकरीच्या सुरुवातीला एका लहान तलावाचा नकाशा मी काढत होतो, पाणी कुठवर चढेल ती रेघ त्यात होती. रेघेच्या आतली जमीन पाण्याखाली जाणार. एक शेतकरी ऑफिसात आला आणि माझ्या टेबलापाशी वाकून म्हणाला, "साहेब, हे रेघ माह्या विहिरीच्या अलीकडून नाई नेता येत का?" मी त्याला म्हटलं होतं, रेघ उंचीवरून ठरते, तुमच्या विहिरीवरून नाही. उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. रेघ मऊ करणं माझ्या हातात नव्हतंच, पण जीभ करता आली असती. तेव्हा तसं सुचलं नाही.

असे सात महिने गेले. रोज सकाळी नऊला मी आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून स्टुडिओत जायचो. घरातल्या घरात सदरा कशाला, असं बायको पहिल्या दिवशी म्हणाली, नंतर तीच काढून ठेवू लागली. बोट सुटणं कमी झालं. एक दिवस मी पेला डाव्या हाताने धरायला विसरलो आणि पाणी पिऊन झाल्यावर ते लक्षात आलं. अकरा फोटो झाले. प्रत्येक वेळी मी सुनेला बोलवायचो, ती कामातून उठून यायची, बघायची आणि म्हणायची, "मस्त झालं मामाजी." प्रत्येक वेळी हेच. एकतीस वर्षांत मी कोणाच्याही कागदाला मस्त म्हटलं नव्हतं, त्यामुळे मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण स्वतःचं कौतुक असलं की माणूस तपासायला बसत नाही.

मग तो दिवस आला. सून हिंगणघाटला लग्नाला गेली होती. मी अकराव्या फोटोतला एक कोपरा परत बघत होतो, आणि सगळी निवड रद्द करायची आज्ञा शोधायला वरची यादी उघडली. आजवर मी त्या यादीत जे तिने दाखवलं तेवढंच वाचत आलो होतो. त्या दिवशी खालपर्यंत गेलो. तिथे एक शब्द होता, स्काय. एवढं इंग्रजी मला येतं. मी त्यावर टिचकी मारली.

पडद्यावर एक लहानसं चक्र फिरलं. शिंक यायला वेळ लागतो तेवढा वेळ. आणि मुंग्या सरकू लागल्या. टेकडीच्या कडेने, झाडाच्या शेंड्यावरून, सागाच्या पानांमधल्या भोकांतून. सगळं आभाळ वेगळं झालं होतं. मी दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. वडनेरचा उघडला. कापूस जमिनीवर राहिला, आभाळ तेवढं धरलं गेलं. नऊ दिवसांची ती पहिली टेकडी उघडली, ती तर मी बोट उचलेपर्यंत झाली.

मी कॉम्प्युटर तसाच सोडून आत येऊन खुर्चीत बसलो. बायकोने जेवायला वाढलं, मी नको म्हणालो. तिने काय झालं विचारलं, मी सांगितलं नाही. मला परत तेच ताट दिसत होतं. सात महिने मी सदरा घालून तूर आणि हरभरा वेगळा करत बसलो होतो, आणि रोज कोणीतरी मस्त म्हणून ते मिसळून टाकत होतं. लाज वाटली. राग नंतर आला.

सून चारला आली. खांद्यावरची बॅगही उतरली नव्हती तिची.

"तुह्या त्या यादीत स्काय नावाचं काही हाय," मी म्हटलं. "तुले माहीत होतं?"

ती थांबली. बॅग खाली ठेवली, माठातलं पाणी घेतलं, प्यायली. "हो."

"पयल्या दिवसापासून?"

"हो मामाजी. माहीत होतं."

"मंग मले सात महिने कायले बसवलं? येडा समजून?"

"हात चालावा म्हणून. चेंडू तुमी फेकला, ताट तुमी फेकलं. हे फेकाल नाई असं वाटलं मले. थो टिंबाचा लासो बी म्हणूनच नाई घेऊ दिला. त्याच्यानं बोट दाबून धरा लागत नाई."

मला वाटलं होतं ती सारवासारव करेल, आणि मग मला ओरडता येईल. तिने ती संधीच दिली नाही. तरीही मी ओरडलो. काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. खोटं काम देऊन तू माझी थट्टा केलीस, असं काहीतरी. बायको दारात उभी होती, ती म्हणाली, "तिले कायले बोलता? दाणे मी मिसळत होती, तवा मले बोलले, तेवढं पुरे हाय."

सून स्टुडिओत गेली आणि मला हाक मारली. जायचं नाही असं ठरवून मी गेलो. तिने माझे फोटो एकेक करून उघडले. मी केलेली प्रत्येक निवड तिने फोटोच्या आत जपून ठेवली होती. अशी ठेवलेली निवड उघडली की फोटो दिसत नाही, नुसतं काळं आणि पांढरं दिसतं, आणि दोन्हींमधली कड. पहिल्यांदा ती सेलूची टेकडी. कड अशी थरथरलेली, की कोणा दुसऱ्याने कागद पाठवला असता तर मी न बघता परत केला असता. मग दुसरी, तिसरी. ती बोलत नव्हती, आणि बरं झालं, कारण रेघ वाचायला मला कोणाची गरज नाही. पाचव्या फोटोत थरथर लहान झाली होती. आठव्यात ती फक्त वळणावर होती. अकराव्याची कड मी डावीकडून उजवीकडे दोनदा बघितली. ती माझी रेघ होती. मी ती कुठेही ओळखली असती.

माझा राग कुठे गेला मला सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी आलं हे मात्र खरं, आणि सुनेसमोर आलं. तिने पडद्याकडेच बघायचं ठरवलं, हेही तिचे उपकारच.

थोड्या वेळाने मी विचारलं, "माह्यं आभाळ लावलं का मशीनचं?"

"अकराच्या अकरात तुमचंच लावलं. पण खरं सांगू का, मशीनचं लावलं असतं तरी चाललं असतं."

ती हे न सांगता राहू शकली असती. मला त्या वाक्याचं फार लागलं, आणि आज वाटतं की तिने ते सांगितलं म्हणूनच पुढचं सगळं खरं राहिलं.

मग तिने बारावा फोटो उघडला. थंडीतल्या सकाळी तिने माहेराहून काढलेला, हिंगणीपलीकडचं धरणाचं पाणी. धुकं एवढं की पाणी, टेकड्या आणि आभाळ तिन्हींचा रंग एकच झाला होता. तिने त्याच स्कायवर टिचकी मारली. मशीनने आभाळाबरोबर अर्धं पाणी धरलं आणि टेकड्या साफ गिळून टाकल्या.

"हा मशीनले जमत नाई. मले बी नाई जमला. टेकडी कुठून जाते हेच दिसून नाई राह्यलं."

"हा माह्यासाठी ठेवला होता का?"

"नाई," ती म्हणाली. "खोटं कायले बोलू. हा मी बाद केला होता, दुसरा देणार होती. आज गाडीत बसल्यावर आठवला. तुमी त्या भागाचे नकाशे काढले न?"

काढले होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत सर्व्हेवाल्यांबरोबर त्या टेकड्यांवर मी पायी फिरलो होतो, आणि नंतर महिनोन् महिने त्यांच्या उंचीच्या रेघा गिरवल्या होत्या. मी पडद्याजवळ चष्मा नेला. दोन उंचवटे, मध्ये खोलगट, मग उजवीकडे एक लांब उतार पाण्यापर्यंत. फोटोत त्यातलं काहीच नव्हतं, पण कुठे शोधायचं हे मला ठाऊक होतं. सुनेने वर एक तात्पुरता थर टाकून काळं-पांढरं भडक करायला शिकवलं, आणि धुक्यात डावा उंचवटा केसभर दिसला. बाकीचं मी तिथून मोजत गेलो.

त्या एका फोटोला मला सहा दिवस लागले. इस्त्रीचा सदरा घातला नाही, त्याची आठवणच राहिली नाही. काठ इतका मऊ ठेवावा लागत होता की कधी कधी मलाच कळेना मी रेघ ओढली आहे की नाही. उजवा उतार तीनदा पुसला. सहाव्या दिवशी दुपारी मी सुनेला हाक मारली. ती कणीक मळत होती, हात धुऊन आली, माझ्या खुर्चीत बसली, आणि मी मागे उभा राहिलो.

आधीच्या अकरा वेळा ती उभ्या उभ्या बघून जायची. या वेळी तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि डावीकडून कडेकडेने सरकत निघाली. मधला खोलगट भाग ओलांडला. उजव्या उताराच्या सुरुवातीला थांबली. मागे गेली, परत आली.

"मामाजी, हे काय केलं?"

"काय केलं?"

"टेकडीचा हा खांदा आभाळात गेला. वर लटकून राह्यला पाहा."

"धुकं हाय तिथी," मी म्हटलं.

"धुकं हाय, पण टेकडी खालूनच वर येते न. नाई चालत हे. परत करा." आणि ती उठली आणि कणकेकडे निघून गेली.

माझे कान गरम झाले. मी वाकून बघितलं. तिचं बरोबर होतं, खांदा दोन बोटं तरी वर गेला होता. बायकोने आतून डोकावून विचारलं, काय म्हणाली ती.

"चूक काढली माही," मी सांगितलं. "परत कराले सांगतलं."

"मंग हसून काऊन राह्यले?"

मी खुर्ची पुढे ओढली, माउस हातात घेतला आणि त्या खांद्यापासून परत सुरुवात केली.